अटलांटिकची शिवण

मोटारगाडीविषयी वाङ्मयाच्या मासिकात लिहावयास घेतले की पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. आणि ती मोटार जगातील दोनचार कुबेरांच्याच पागेत सापडणारी असली तर त्या आठ्या अधिकच खोल होतात. ह्या आठ्यांचा समाचार पुढे घेऊच. आम्हांस अधिक भीती वाटते ती उलट प्रकारच्या रसिकांची. त्यांना ही गाडी फार आवडते. परंतु तिच्याविषयी बोलावयास लागले की त्यांच्या तोंडून पहिले वाक्य किमतीचे निघते, दुसरे संख्येचे निघते आणि तिसरे निघतच नाही. बुगाटी कारखान्याच्या 'टाइप ५७ एस अटलांटिक' ह्या कूपेविषयी अलीकडे जे लिहिले व बोलले जाते, त्यातील बराच भाग ह्या दोन वाक्यांत आटोपतो: जगात चारच झाल्या, आणि एकेकीचे मोल कोट्यवधी डॉलर. असे बोलणारास गाडी आवडते असे मानावयास आम्ही तयार नाही. त्याला दुर्मिळपणा आवडतो. आणि दुर्मिळपणा हा वस्तूचा गुण नसून बाजाराचा हिशेब आहे.

ह्या हिशेबास ऊत आला तो ५ मे २०२२ रोजी. त्या दिवशी स्टुटगार्ट येथील मर्सिडीझ-बेंझच्या संग्रहालयात एक लिलाव झाला. १९५५ साली त्या कारखान्याच्या चाचणी विभागाचे प्रमुख रुडॉल्फ ऊलेनहाउट यांच्या देखरेखीखाली '३०० एसएलआर' ह्या शर्यतीच्या गाडीवर छत चढवून दोन कूपे बांधण्यात आल्या होत्या. त्यांपैकी एक कारखान्याने १३ कोटी ५० लक्ष युरोंस एका खाजगी संग्राहकास दिली. विक्रीचा पैसा तरुणांच्या शिष्यवृत्त्यांकडे लावण्याचे कारखान्याने जाहीर केले व दुसरी गाडी आपल्या संग्रहालयात ठेविली. तेव्हा त्या व्यवहारास आम्ही नावे ठेवीत नाही. आमची तक्रार आहे ती त्यानंतर उठलेल्या गलक्याविषयी. त्या कूपेच्या जन्माची हकीकत केवढी भयंकर व केवढी मनोवेधक! त्याच वर्षाच्या मे महिन्यात तिच्या उघड्या भावंडाने स्टर्लिंग मॉसच्या हाती इटलीतील मिले मिलिया ही शर्यत १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत जिंकली. जूनमध्ये ले मां येथे दुसरे भावंड प्रेक्षकांवर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली. मेक्सिकोतील ज्या शर्यतीकरिता ही छतवाली गाडी योजिली होती, ती शर्यतच त्यामुळे रद्द झाली. वर्षअखेर कारखान्याने शर्यतींतून अंग काढून घेतले. आणि धावण्याकरिता जन्मलेल्या गाडीस मैदानच उरले नाही, म्हणून ऊलेनहाउट साहेब ती आपल्या कामाकाजास नेहमीच्या रस्त्यांवरून हाकू लागले. लिलावाच्या त्या आठवड्यात ह्यातील किती वाचकांपर्यंत पोचले? मथळ्यात आकडा व आकड्याखाली छायाचित्र, एवढ्यावर बहुतेकांची तहान भागली.

किमतीचा पडदा पुढे ओढून वस्तूस झाकण्याचा हा प्रकार अटलांटिकच्या बाबतीत विशेष अन्यायाचा आहे. कारण तिच्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ते पाहावयास पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो.

'कूपे' हा शब्द आपणांस आगगाडीमुळे परिचित आहे. पहिल्या वर्गातील दोघांपुरत्या खणास आपण कूपे म्हणतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेली' असा आहे. समोरासमोर चार माणसे बसावयाची मोठी घोडागाडी असे. तिचा पुढचा अर्धा भाग कापून टाकून दोघांची सोय तेवढी ठेविली, ती कूपे. म्हणजे ह्या जातीच्या गाडीचे मर्मच मुळी काहीतरी वर्ज्य करण्यात आहे. माणसे वर्ज्य, सामान वर्ज्य, आणि अटलांटिकच्या बाबतीत सुखसोयही पुष्कळशी वर्ज्य. छत इतके ठेंगणे की आत शिरण्याकरिता दरवाजे छतातच कापून नेले आहेत. मागे पाहावयास लहानशा लंबगोल काचा. आत बसणारास उकाडा व आवाज दोन्ही भरपूर. सोयीच्या दृष्टीने पाहणारास तिच्याहून कितीतरी स्वस्त गाडी परवडेल. ही गोष्ट तिच्या भक्तांनी लपवून ठेवण्याचे काही कारण नाही.

आता ती दिसते कशी ते पाहू. पुढे लांबच लांब बॉनेट, त्याच्या टोकाशी मध्यावर मोडून घडी घातल्यासारखा रेडिएटर, दोन्ही अंगांस स्वतंत्र फुगत गेलेली मडगार्डे. आणि मागे पाठ अशी उतरत जाते की छत कोठे संपले व शेपटी कोठे सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येऊ नये. खाली सांगाडा जमिनीलगत आणण्याकरिता मागचा आस त्याच्या पोलादी पट्ट्यांवरून वा खालून न नेता त्यांच्या पोटांतून आरपार नेला आहे. सव्वातीन लिटरांचे, एका ओळीत आठ सिलिंडरांचे एंजिन तिला ताशी दोनशे किलोमीटरांच्या घरात नेऊ शके. १९३६ सालच्या रस्त्यांवर हा वेग काय असेल ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु डोळा जेथे अडतो ती जागा निराळीच आहे. समोरच्या काचेच्या मध्यापासून छतावरून थेट शेपटीपर्यंत एक उभी कड गेलेली आहे, आणि तिच्यात ओळीने रिव्हेट मारलेले आहेत. तसल्याच कडा मडगार्डांच्या माथ्यांवरही आहेत. एखाद्या मोठ्या मासळीच्या पाठीवरील परासारखी ही कड दिसते. इतक्या गुळगुळीत अंगावर अशी उघडी शिवण कोणी व का ठेविली?

ह्याचे उत्तर तिच्या आधीच्या एका गाडीत आहे. १९३५ च्या शरदात पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात बुगाटींनी 'एअरोलिथ' नावाची एक कूपे मांडली. तिचे अंग 'एलेक्ट्रॉन' नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. मॅग्नेशियम हे वजनास ॲल्युमिनिअमच्याही दोनतृतीयांशच भरते, परंतु पेट घ्यावयास भलतेच तत्पर. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवितात तेव्हाचा तो डोळे दिपविणारा पांढरा उजेड ज्यांनी पाहिला असेल, त्यांस अशा पत्र्याजवळ जाळाचा झोत नेणे म्हणजे काय हे सांगावयास नको. सांधता येत नाही, तर टाचावे. म्हणून पत्र्यांच्या कडा बाहेर वळवून एकमेकींस टेकविल्या व रिव्हेट मारून आवळल्या. गरजेतून शिवण आली. पुढे १९३६ ते १९३८ ह्या अवधीत ज्या चार अटलांटिक बांधल्या, त्यांचे अंग मात्र ॲल्युमिनिअमचे होते. ॲल्युमिनिअम सांधता येते. ते सांधून, घासून, कड नाहीशी करणे कारखान्यास सहज शक्य होते. तरी कड ठेविली. एत्तोरे बुगाटींचे चिरंजीव जाँ हे ह्या गाडीचे कल्पक. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. आजोबा कार्लो हे मिलानमधील नामांकित फर्निचरकार आणि चुलते रेम्ब्रांट हे प्राण्यांचे पुतळे घडविणारे शिल्पकार. अशा घरातील मुलाने ती कड अजाणतेपणे राहू दिली असेल हे संभवत नाही.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो किमतीच्या भाटांकडून येत नाही, विचारी लोकांकडून येतो. ते म्हणतात, जिची गरज उरली नाही ती शिवण म्हणजे लबाडी होय. उपयोगातून निघालेले रूप तेवढे खरे. उपयोग संपल्यावर मागे ठेविलेले रूप म्हणजे नुसता शृंगार. हे मत ऐकावयास करारी वाटते व त्यास गेल्या शतकातील मोठमोठ्या वास्तुकारांचा आधारही आहे. आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा फडके-खांडेकरांचा वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांस ह्या मताचा चेहरा ओळखीचाच वाटेल. तथापि ते मत लावून पाहावे व काय उरते ते सांगावे. भाज्याच्या व कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताच्या कातळास लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. कातळ स्वतःच्या बळावर उभा आहे. त्या फासळ्या काहीएक तोलून धरीत नाहीत. पूर्वी लाकडी चैत्यांत ज्या छत पेलीत असत, त्याच लेण्यांत केवळ आठवण म्हणून आल्या. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या व सव्विसाव्या लेण्यांत तर त्या लाकडाच्याही उरल्या नाहीत, दगडातच कोरल्या आहेत. आमच्या विचारी मित्रांनी छिन्नी घेऊन त्या फासळ्या तासून काढाव्यात काय? त्या निरुपयोगी आहेत हे आम्हांस मान्य आहे. अटलांटिकची शिवणही निरुपयोगी आहे. परंतु आधीच्या कारागिराने जी अडचण सोसली तिची खूण पुढच्याने अंगावर बाळगली, ह्यास लबाडी म्हणणे म्हणजे शब्दांची उधळपट्टी आहे. लबाडी असती तर ती झाकलेली असती.

शिवाय त्या कडेचे काम दृष्टीच्या प्रांतात चालू आहेच. कोणीही अटलांटिकचे छायाचित्र घ्यावे, ती कड शाईने बुजवावी व पुन्हा पाहावे. अंग तेच, उतार तोच. परंतु गाडी एकदम मऊ पडते. डोळ्यास धरावयास काही राहत नाही. त्या काळची दुसरी एक प्रख्यात फ्रेंच कूपे, फिगोनी व फालास्की ह्यांनी तालबो-लागोच्या सांगाड्यावर १९३७ पासून बांधलेली, जिला तिच्या आकारावरून 'पाण्याचा थेंब' म्हणतात, ती अशीच नितळ आहे. पुष्कळ जण तिला अटलांटिकच्या वर बसवितात. आमच्या मते ती फार गोड आहे. इतकी गोड की दुसऱ्यांदा पाहावयास जीव होत नाही. ह्या मतास प्रमाण मागू नये. ही रुचीची गोष्ट आहे, आणि रुचीच्या गोष्टीत स्पष्ट बोलावे एवढीच आमची विनंती आहे.

आता आरंभी सांगितलेल्या आठ्यांकडे वळू. धनवंतांच्या खेळण्याचे आम्ही काय म्हणून कौतुक करावे, असा हा पक्ष आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. पहिली अटलांटिक बाहेर पडली ते १९३६ साल फ्रान्समध्ये संपांचे साल होते. त्या उन्हाळ्यात लक्षावधी कामगारांनी कारखाने अडवून धरिले, आणि आठवड्याच्या चाळीस तासांचा व भरपगारी रजेचा कायदा पदरात पाडून घेतला. आल्सासमधील मोल्सहाइम येथे बुगाटींचा कारखाना होता. संप तेथेही झाला. कामगारांशी आपले नाते मालकीपेक्षा घरधन्याचे आहे असे समजत आलेल्या एत्तोरेंनी तो इतका मनास लावून घेतला की कारखाना जाँच्या स्वाधीन करून ते पॅरिसला जाऊन राहिले. म्हणजे ज्या शिवणीचे आम्ही गुणगान करीत आहो, ती ज्या हातांनी टाचली त्याच हातांनी हत्यारे खाली ठेविली होती. ही गोष्ट लिलावाच्या देखण्या पुस्तिकांत छापीत नाहीत. आमच्या टीकाकारांनी ती अवश्य सांगावी. परंतु ती सांगून झाल्यावर त्यांनी गाडीकडे पाठ फिरवावी, हे तर्कशास्त्र आमच्या ध्यानात येत नाही. पत्र्यास हातोडीने इतका सूक्ष्म उतार देणारा माणूस धनिक नव्हता. त्याचे नाव गाडीवर नाही. गाडी न पाहण्याने ते तेथे येणारही नाही. मालकाचा राग कामावर काढला की त्यात पहिला मारला जातो तो कारागीरच.

हा विषय आपला नव्हे असे म्हणणारासही एवढेच सांगावयाचे आहे की इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसिउस ह्या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला आणि ब्रांकुशीचे 'अवकाशातील पक्षी' विकत घेतले, त्याच वर्षांत युरोपातील उत्तमोत्तम मोटारीही त्यांच्या दारी उभ्या होत्या. घासून घासून ज्यातून पक्षी नाहीसा होऊन नुसते उड्डाण उरले ते शिल्प आणि वाऱ्याच्या धारेस लावलेली मोटार, ही एकाच दृष्टीची अपत्ये आहेत हे त्या मराठी संस्थानिकास समजले होते. आपणांस समजू नये असे त्यात काय आहे?

मालकी आणि सौंदर्य ह्यांचे भांडण कोठवर जाऊ शकते ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आल्साससच्या मातीतलेच आहे. मुलूज येथील श्लुम्फ बंधू, हान्स आणि फ्रिट्झ, हे लोकरीच्या गिरण्यांचे मालक होते. फ्रिट्झला बुगाटीचे वेड. त्याने गाडीवर गाडी घेत चारशेहून अधिक मोटारी जमविल्या. त्यांत शंभरावर बुगाटी. १९६४ साली अमेरिकेतील एका संग्राहकाकडून तीस बुगाटी त्याने एकदम उचलल्या. हे सारे गिरणीच्या बंद दारांआड. गावास पत्ता नाही. पुढे धंदा बुडाला, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, भाऊ स्वित्झर्लंडात निघून गेले, आणि मार्च १९७७ मध्ये कामगारांनी दार उघडून आत पाऊल टाकले. आत दिव्यांच्या रांगांखाली, चकचकीत पुसलेल्या, आपल्या मजुरीवर उभ्या राहिलेल्या त्या मोटारी! दुसऱ्या कोणी त्या क्षणी घण उचलला असता तर त्यास दोष कोण देता? कामगारांनी ती जागा ताब्यात घेतली, तिला कामगारांचा कारखाना म्हटले, आणि लोकांस आत सोडून त्या मोटारी दाखविल्या. सुमारे दोन वर्षे त्यांचा तेथे ताबा होता. १९७८ साली फ्रेंच सरकारने तो संग्रह ऐतिहासिक ठेवा म्हणून जाहीर केला, त्यामुळे तो फुटून परदेशी जाण्याचे टळले. आणि १९८२ पासून तेथे सार्वजनिक संग्रहालय आहे. त्या संग्रहात अटलांटिक नाही. पण एत्तोरेंच्या स्वतःच्या वापरातील, जाँच्या हातची 'कूपे नापोलेओं' ही अवाढव्य रॉयाल आहे. कोणीही तिकीट काढून तिच्यापुढे उभे राहू शकतो. श्रीमंताच्या खेळण्याकडे पाहू नये म्हणणारांनी मुलूजच्या त्या कामगारांपुढे आपले मत मांडून दाखवावे.

उलट अटलांटिकचे काय झाले? चारांपैकी तीन आज अस्तित्वात आहेत व तिन्ही खाजगी हातांत आहेत. त्यांतील एक राल्फ लॉरेन ह्या अमेरिकन वस्त्रव्यावसायिकाकडे आहे. ती त्याने २००५ साली बॉस्टनच्या व २०११ साली पॅरिसच्या संग्रहालयात लोकांपुढे मांडली होती, हे त्याच्या बाजूने नोंदविले पाहिजे. सर्वांत पहिली, लंडनच्या रॉथशिल्ड घराण्यातील व्हिक्टर ह्याच्याकरिता बांधलेली, ही कॅलिफोर्नियात ऑक्सनार्ड येथे पीटर मलिन ह्यांच्या संग्रहालयात वर्षानुवर्षे पाहावयास मिळे, आणि २०२२ साली बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयातही अटलांटिक मांडण्यात आली होती. पण २०२३ मध्ये मलिन वारले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते संग्रहालय कायमचे बंद झाले. उदार मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या दर्शनाची मुदत मालकाच्या आयुष्याएवढी असते, हे ह्याहून स्पष्ट कसे दिसावे? कोणाची गाडी हिसकावून घ्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु चित्रे व हस्तलिखिते ह्यांच्याविषयी जो संकेत सुसंस्कृत जगाने थोडाबहुत मान्य केला आहे, की मालकी खाजगी असली तरी अभ्यासकास दार बंद नसावे आणि वस्तू ठराविक वर्षांनी लोकांपुढे यावी, तो मोटारीस का लागू नये? फ्रान्सने श्लुम्फ संग्रहाच्या बाबतीत तो कायद्याने लावून दाखविला आहे.

तिसऱ्या गाडीची कथा निराळी व दुःखाची आहे. ती १९३६ साली नीस येथील एका गृहस्थाने घेतली होती. १९५५ साली फ्रान्समध्येच रेल्वेच्या फाटकावर आगगाडीने तिला धडक दिली. त्या वेळचा मालक व त्याच्या सोबत असलेली व्यक्ती ठार झाली. जे चेंदामेंदा झालेले अवशेष राहिले, त्यांतून पुढे अनेक वर्षांच्या खटपटीने गाडी पुन्हा उभी करण्यात आली. आता शौकिनांत वाद आहे की ही अस्सल म्हणावी की नाही, आणि त्या वादात अस्सलपणा म्हणजे जुन्या पत्र्याचे शेकडा प्रमाण असा अर्थ धरला जातो. हे प्रमाण काढावयाचे ते पुन्हा किमतीसाठीच. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा दगड बदलतात, कळस बदलतो. मूर्ती तीच असली म्हणजे देऊळ तेच असे आपण मानतो. मोटारीत ती मूर्ती कोणती ह्याचा विचार करावयास हवा. आमच्या मते ती रेषेत आहे. रेषा इमानाने परत आणली असेल तर नव्या पत्र्याने गाडी बाटत नाही. आणि बक्षिसाच्या हव्यासाने, जी झिलई कारखान्यातून बाहेर पडतानाही तिच्यावर नव्हती ती चढवून हिरवळीवरच्या सौंदर्यस्पर्धांत तिला मिरविली, तर पत्रा शेकडा शंभर जुना असूनही ती बाटते. रस्त्यावर न उतरविलेली मोटार हे तर आणखी एक वेगळे पाप. त्याविषयी पुन्हा कधी.

राहिली चौथी. ती जाँ बुगाटींनी स्वतःकरिता ठेविली होती, काळ्या रंगाची. कारखान्याच्या जाहिरातपत्रकांत तीच छापीत. १९३७ साली नीस व ल्यों येथील प्रदर्शनांतही तीच मांडली होती. 'अटलांटिक' हे नाव दक्षिण अटलांटिकवर डिसेंबर १९३६ मध्ये विमानासह नाहीशा झालेल्या जाँ मेर्मोझ ह्या वैमानिकाच्या स्मरणार्थ देण्यात आले, आणि त्या नावाचे भविष्य ह्याच गाडीने खरे केले. ११ ऑगस्ट १९३९ रोजी, ले मांची शर्यत जिंकलेली दुसरी एक बुगाटी मोल्सहाइमजवळ चालवून पाहत असता जाँचा अपघात होऊन अंत झाला. तो अवघा तीस वर्षांचा होता. पुढे महायुद्ध आले, आल्साससवर जर्मनांचा अंमल बसला, आणि काळी अटलांटिक कोठे गेली ते आजवर कोणासही कळलेले नाही.

ह्या दुःखाचाही अखेर व्यापार झाला. २०१९ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आजच्या बुगाटी कंपनीने 'ला व्हॉत्यूर नॉर', म्हणजे 'काळी गाडी', ह्याच नावाची नवी कूपे मांडली. एकच नग, आठ लिटर, सोळा सिलिंडर, दीड हजार अश्वशक्ती, आणि किंमत, कर वगळून, एक कोटी दहा लक्ष युरो. तिच्या पाठीवरूनही एक कड गेली आहे. ती ना मॅग्नेशियमच्या अडचणीतून आली, ना अडचणीच्या आठवणीतून. ती आली दुसऱ्याच्या कीर्तीतून. वर आम्ही ज्या शिवणीचा कैवार घेतला तो हिला लागू नाही. जाँने आपल्याच कारखान्याच्या कालच्या धडपडीची खूण राखली होती. येथे हरवलेल्या गाडीचे नाव आणि मेलेल्या तरुणाची रेषा विक्रीस काढली आहे, आणि एकच नग काढल्यामुळे पहिल्याच दिवशी दुर्मिळपणाही तयार आहे. दुर्मिळपणा कारखान्यात ठरवून बनविता येतो, ह्याहून त्याच्या पोकळपणाचा दुसरा पुरावा आम्हांस नको.

काळ्या गाडीचा शोध अजून पुष्कळ जण घेत आहेत. ती मिळालीच तर दहा कोटी युरोंहून अधिक मोल येईल असे स्वतः कंपनीनेच सांगून ठेविले आहे, म्हणजे गाडीच्या आधी लिलावाची तयारी झाली आहे. आमची सूचना साधी आहे. ती कोठल्या धान्याच्या कोठारात वा भिंतीआड सापडलीच, तर तिला धुऊनपुसून लिलावाच्या मंडपात नेण्यापूर्वी एक वर्ष मुलूजच्या गिरणीत ठेवावी. मोल्सहाइमही आल्साससमधलेच, ज्यांनी तो पत्रा ठोकला त्यांची नातवंडे त्या बाजूस अजून राहत असतील. त्यांस ती आहे तशी, गंजासकट पाहू द्यावी, आणि शेजारच्या पाटीवर आकडा लिहू नये.